एक ओळ कमी

मार्चमध्ये नोटिसा जातात,
एप्रिलमध्ये माणसं येतात
आपापल्या घराची निंदा करायला.

ज्या पोर्चवर पाहुण्यांना बसवून तळं दाखवलं
तो कुजलाय म्हणतात.
अंगण वाकडं आहे म्हणतात,
आणि मी लेव्हल लावून बघतो
तर कधी कधी खरंच वाकडं असतं.

मी काउंटीचा मोजणीदार. एकवीस वर्षं.
टेप, टॉर्च, बुटांवर चढवायच्या निळ्या पिशव्या.
लोकांना वाटतं कर मी लावतो.
कर शाळा लावते, बर्फ उपसणारी गाडी लावते,
पुलाचं कर्ज लावतं.
मी फक्त म्हणतो, हे घर एवढ्याचं.
टेबलापाशी कुणी ओरडलं, "कर फार झाला!"
तर माझ्या हातात काही नसतं.
हळू आवाजात कुणी म्हणालं, "किंमत चुकलीय,"
तर मी पेनचं टोपण काढतो.

आइली कांगासला हे कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
सत्त्याहत्तरीची, शाळेच्या बसची निवृत्त ड्रायव्हर,
पावाच्या रिकाम्या पिशवीत कागद घालून आली.
तिच्याच गल्लीतली, तिच्याच घराएवढी
तीन घरं, गेल्या वर्षात विकलेली,
किमती पेन्सिलीनं.
आणि आमच्याच दप्तरातून मागून घेतलेलं
तिच्या घराचं कार्ड,
एका ओळीखाली लाल रेघ:
तळघर. सौना. देवदार लाकूड. पूर्ण.

"हा नाही," ती म्हणाली.
"मोडला?"
"मोडायला असावा लागतो."

पस्तीस वर्षं
कधीच न तापलेल्या दगडांचा कर भरत होती बाई.

बुधवारी बघायला गेलो.
छपराच्या कडेवर बर्फ अजून धरून होता.
पायऱ्या तेरा, सवयीनं मोजतो.
खाली बॉयलर, बीटच्या बरण्या,
जुन्या बसचा एक आरसा, का ठेवलाय ते विचारलं नाही,
आणि भिंतीला टेकून फळ्यांची थप्पी,
सुतळीनं बांधलेली.
प्रत्येक फळीवर पेन्सिलीत, पुरुषी अक्षरात:
वरचं बाक. खालचं बाक. दार, डावीकडे उघडणारं.

"रेइनोनं ऑगस्टात परवाना काढला.
सप्टेंबरात खाण बंद झाली.
उघडली तेव्हा त्याची पाठ…"
उरलेलं वाक्य तिनं बरण्यांमागे सरकवलं.

परवान्यावरून कुणीतरी नोंद केली असणार.
माझ्या आधीच्या कुणीतरी,
या तेरा पायऱ्या न उतरता,
टाइप केलं: पूर्ण.

नियमानं मला फळ्यांना हात लावायचं कारण नव्हतं.
लावला.
वास अजून होता.

फॉर्मवर दोन चौकोन असतात. आहे. नाही.
"लिहा," ती म्हणाली. "नाही."
आणि वळणावर बस सावकाश घ्यावी तशी
जरा थांबून,
"खोटं तर नाही ना होत त्यात?"
मी म्हटलं, नाही.
दोनदा म्हटलं बहुतेक.

मंडळावर तीन माणसं. पाच मिनिटं लागली.
शेजारच्या तीन घरांचा आधारही घेतला,
एकूण किंमत नऊ हजारांनी उतरली.
वर्षाला वाचले एकशे अठरा डॉलर.
मागचे परत मिळत नाहीत, असं सांगावं लागतं,
ते मी सांगितलं.
मला वाटलं भांडेल. भांडायला हवं होतं.
ती म्हणाली,
"असू दे. तेवढी वर्षं
काउंटी तरी म्हणत होती, झालाय."

मग जुन्या कार्डाची प्रत मागितली.
रद्द झालेल्या कार्डाची.
प्रत पंचवीस सेंट.
तिनं नाण्यांची पर्स उघडली,
पाच-पाचची पाच नाणी
काउंटरवर एका रेषेत मांडली,
कागद घडी न घालता
पावाच्या पिशवीत ठेवला.

मागचा माणूस तोवर
छपरात शिरलेल्या रॅकूनविषयी बोलू लागला होता.